थडग्यावरून आणलेला वाटा

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरी आमच्या घरात सकाळ व्हायची ती शेजारच्या सुऱ्याने. पोपोंचा तो रुंद, चौकोनी पात्याचा सुरा लाकडाच्या गोल ओंडक्यावर पडू लागला, की आई उठून चहाचे आधण ठेवी आणि मी उशी डोक्यावर घेई. दोन्ही घरे खांबांवर उभी होती आणि दोन्ही घरांना भिंतींपेक्षा काचपट्ट्यांच्या खिडक्याच अधिक होत्या. त्यामुळे इकडचे तिकडे कळायला कुणाला कान द्यावा लागत नसे. आमच्या कुकरच्या शिट्ट्या पोपो मोजत आणि चौथी झाली की तिकडून ओरडत, "डॉक्टर, तुझी डाळ झाली!" त्यांच्याकडे आले ठेचले जात आहे की हाड तोडले जात आहे, हे मला अंथरुणातून ओळखता येई. हाडाचा आवाज आला म्हणजे सूप, आणि सूप म्हणजे संध्याकाळी जाळीच्या कुंपणातल्या फाटकातून आमच्याकडे येणारा झाकणाचा डबा, हे गणित कधी चुकले नाही.

पोपो म्हणजे त्यांच्या बोलीत आईची आई. रस्त्यावरचा पोस्टमनही त्यांना पोपोच म्हणे, त्यामुळे आम्हीही म्हणू लागलो. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाली होती. बाबा वायूच्या प्रकल्पावर चार-चार आठवडे जात. पहिल्याच भेटीत मी पोपोंना माझ्या मते अत्यंत सुसंस्कृत असा प्रश्न विचारला होता.

"तुम्ही चीनमधून कधी आलात?"

"तू कधी आलीस?"

"तीन आठवड्यांपूर्वी."

"मग मी तुझ्या आधी आले. तूर्त एवढं पुरे."

त्या तिथेच जन्मल्या होत्या. त्यांचे आजोबा दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून इथल्या खाणींवर आले होते. वडिलांनी दुकान चालवले. युद्धात बाँब पडू लागले तेव्हा लहानग्या पोपोंना दक्षिणेला हलवले गेले. पुढे चक्रीवादळात घराचे छप्पर गेले, तेव्हा त्या कुठेही गेल्या नाहीत. त्या चीनला आयुष्यात एकदाच, अकरा दिवस, पर्यटकांच्या बसमधून जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्या आठवणीतला त्या देशाचा मुख्य दोष असा, की तिथे बिअर कोमट देतात. शनिवारी त्या टीव्हीवर फुटीचा, म्हणजे तिकडच्या फुटबॉलचा, सामना लावत आणि पंचाला दोन भाषांत शिव्या घालत. चिनी माणसाविषयी माझ्या डोक्यात जे चित्र होते, त्यात यातले काहीच बसत नव्हते. आणि वयाच्या चौदाव्या वर्षी मला वाटले, की गडबड पोपोंमध्ये आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरात मात्र मला परके वाटले नाही. तांदळात पाणी किती, हे त्या बोटाचे पेर बुडवून ठरवत. आईही तसेच ठरवते. संत्र्याच्या साली त्या गाडीच्या पुढच्या काचेआड वाळत घालत. वर्षे उलटली की त्या सालींना औषधाचा मान मिळे. त्यांचे कारले आमच्यापेक्षा फिकट आणि गुळगुळीत, पण 'कडू आहे म्हणूनच खायचं' हा आग्रह तोच. सर्वांत मोठी एकवाक्यता उष्ण आणि थंड पदार्थांबाबत होती. आंबा उष्ण, काकडी थंड, लिची फार उष्ण, यावर आई आणि पोपो कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून माना डोलावत. मी यंत्रणा विचारी. कोणता रेणू, शरीरात कुठे जाऊन काय करतो? "तोंड येतं," आई म्हणे. "बघ, डॉक्टरच सांगतेय," पोपो म्हणत. भुलीच्या औषधांचे प्रमाण मिलिग्रॅमपर्यंत काढणारी माझी आई या एका विषयात शंभर टक्के फितूर होती.

इथे थोडे थांबते. मी आज कालगुर्लीच्या हॉस्पिटलात संसर्गजन्य रोगांची डॉक्टर आहे, चाळिशी अजून लांब आहे आणि आत्मकथन लिहिण्याचे माझे वय झालेले नाही, असे आईचे मत आहे. पण या एका वर्षाबद्दल मी जे लोकांना सांगत आले, ते पूर्ण खरे नव्हते. आणि अपूर्ण नोंद दुरुस्त करायला वयाची अट नसावी.

मी अठराची होते. युनिव्हर्सिटीत विज्ञानाचे पहिले वर्ष चालू होते आणि पुढच्या वर्षी मेडिकलला जायचे हे मी आठवीतच ठरवून टाकले होते. प्रवेशाच्या मुलाखतीसाठी गुणांबरोबर समाजात काहीतरी केल्याचा पुरावा लागतो, असे मला कळले होते. त्याच सुमारास तिथल्या चिनी मंडळाला एका पुस्तिकेची गरज भासली. बोटीने येणारे पर्यटक मंडळाच्या मंदिरात शिरत, उदबत्त्यांचे फोटो काढत आणि स्वयंसेवकांना तेच ते प्रश्न विचारत. चिनी संस्कृती, माणसे आणि वारसा यांची कुतूहल असलेल्या परक्यांना ओळख करून देईल, असे वीस पानांचे काहीतरी हवे होते. पोपोंनी सभेत माझे नाव सुचवले. एका सभासदाने विचारले, की भारतीय मुलगी कशाला? पोपोंचे उत्तर त्यांनीच मला नंतर फाटकापाशी सांगितले.

"मी म्हटलं, ती हुशार आहे आणि तिला काहीही माहीत नाही. पुस्तिका अशांसाठीच आहे. आपण लिहिलं तर आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहायचं विसरू."

मी हे काम प्रयोगशाळेतल्या कामासारखे अंगावर घेतले. एक तक्ता केला. डावीकडे सण, मग अन्न, रंग, आकडे, निषिद्ध गोष्टी, उजवीकडे अर्थ. लाल: शुभ. चार: अशुभ. भेट म्हणून घड्याळ देऊ नये. भातात जेवणाच्या काड्या उभ्या खोचू नयेत. दोन्ही हातांनी चहा देणे: आदर, किंवा क्षमायाचना. एका संध्याकाळी पोपोंनी चष्मा लावून तो तक्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला.

"लाल शुभ," त्या म्हणाल्या. "माझी यूट गाडी लाल आहे, कारण दुकानात तेवढीच उरली होती. हेही लिही."

"ते अपवादात जाईल, पोपो."

"चार अशुभ. माझ्या घराचा नंबर चौदा आहे. मी मेलेय का?"

"सर्वसाधारण प्रवृत्ती असं म्हणते मी."

"बरं. सर्वसाधारण बाईला भेटलीस की मलाही ओळख करून दे."

मी हसले आणि तक्ता तसाच ठेवला. मला त्यात चूक दिसत नव्हती. पोपो चेष्टा करतात हीही एक नोंद होती आणि तिच्यासाठी रकाना नव्हता, इतकेच.

एप्रिलमध्ये चिंगमिंगचा दिवस आला. हा पूर्वजांची थडगी साफ करण्याचा दिवस. एरवी पर्थहून पोपोंचा मुलगा येई, पण त्या वर्षी त्याला येता येत नव्हते आणि पोपोंचा उजवा खांदा वर होत नव्हता. "तू गाडी चालव, गवत काप," त्या म्हणाल्या. "बदल्यात हवं ते विचार." मी वही घेतली आणि आनंदाने निघाले. स्मशानात जायचे आहे हे मी आईला सांगितले नाही. लपवावे असे काही मनात नव्हते. तो शब्दच माझ्या मनात आला नाही. माझ्या लेखी मी क्षेत्रकार्याला निघाले होते.

पावसाळ्याच्या शेवटी तिकडचे भाल्यासारखे गवत पुरुषभर वाढते आणि मग एखाद्या वादळी सरीत आडवे होते. थडग्यांमधल्या वाटा त्या गवताने बुजल्या होत्या. मी मोटारीवर चालणारे गवत कापायचे यंत्र खांद्याला अडकवून अर्धा तास गवत कापले. पोपो डाव्या हाताने दगड घासत राहिल्या. तिथे त्यांचे वडील आणि आई होते. आजोबा नव्हते. आजोबांची हाडे त्या काळच्या रीतीप्रमाणे काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून, बरणीत भरून गावी पाठवली गेली होती. वडिलांच्या वेळेपर्यंत युद्ध होऊन गेले, गावाशी संबंध तुटले, आणि वडील इथेच राहिले. "आजोबा परत गेले, बाबांना मी ठेवून घेतलं," पोपो म्हणाल्या. मी ते शब्दशः लिहून घेतले.

मग मांडामांड झाली. तीन कप चहा, तीन कप दारू, काड्यांच्या जोड्या, डोक्यासकट उकडलेली अख्खी कोंबडी, भाजलेल्या डुकराचा तुकडा, संत्री, वाफवलेला गोड केक. उदबत्त्या लावल्या. कागदी कपडे लोखंडी पिंपात जाळले. पोपो तीनदा वाकल्या आणि त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलल्या. मध्येच माझे नाव ऐकू आले. मी वेळेसकट सगळे टिपत होते. उदबत्त्या अर्ध्याहून खाली आल्यावर पोपोंनी दारू जमिनीवर ओतली, पलीकडच्या थडग्याच्या कठड्यावर बसल्या, पिशवीतून लहान सुरी काढली आणि कोंबडी कापायला घेतली.

"ये. त्यांचं झालं. आता आपलं."

माझ्या हातातले पेन थांबले. डुकराचे मांस मी खात नव्हते, हे त्यांना माहीत होते आणि तो तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवला. कोंबडी मी त्यांच्याकडे पन्नासदा खाल्ली होती. "पोट बरं नाहीये," मी म्हटले.

पोपोंनी आग्रह केला नाही. कोंबडीचा पाय, केकचे दोन तुकडे आणि एक संत्रे त्यांनी फॉइलमध्ये नीट बांधले आणि ते पुडके दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले. "घरी खा. हा तुझा वाटा आहे." मग त्यांनी मला वाट्याची गोष्ट सांगितली. गावी या दिवशी सगळे कूळ थडग्यापाशी जमे आणि पूर्वजांपुढचे मांस वाटले जाई. पण वाटा मुलग्यांना मिळे. मुली परक्या घरी जायच्या, म्हणून मुलींना नाही. त्यांच्या वडिलांनी मात्र याच स्मशानात, आईच्या थडग्यापाशी, सात वर्षांच्या पोपोंच्या हातात मांसाचा तुकडा ठेवला होता. "मी म्हटलं, मी मुलगी आहे. बाबा म्हणाले, इथे तू आहेस." मी हेही लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. पुस्तिकेसाठी याहून चांगला प्रसंग मला मिळणार नव्हता.

परत आल्यावर गाडी लावून मी, "थँक्स, पोपो, सी या!" असे ओरडले आणि धावतच घरी आले. त्या मागून काहीतरी म्हणाल्या, ते मी ऐकले नाही. चपला खालीच काढल्या. केसांवरून अंघोळ केली. कपडे वेगळे भिजवले. हे सगळे मी विचार न करता केले, आणि मला आजही नवल वाटते, की ते मला कुणी कधी शिकवले नव्हते. पुण्यात आजोबा गेले तेव्हा बाबा आणि काका परत आले त्या दुपारी मी दारात उभी राहून पाहिले होते, तेवढेच. मग मी फ्रिज उघडला. दूध, कोथिंबीर, आईने विरजलेले दही. फॉइलचे पुडके हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. दह्याशेजारी ते ठेवायला माझा हात पुढे जाईना. जीवाणूंचा प्रश्न नव्हता; अन्न तीन तासांपूर्वीचे होते आणि मी ते खाल्ले असते तर बहुधा काही झाले नसते. यंत्रणा विचारणारी मी, पण या वेळी मला रेणू लागला नाही.

मी ते टाकून दिले. आमची कचऱ्याची बिन काठोकाठ भरली होती आणि डार्विनच्या उन्हात मांस वर राहिले तर दोन दिवसांत सगळी गल्ली घाण करते. पोपोंची बिन नेहमी रिकामी असे. जास्तीचा कचरा तिच्यात टाकायची आम्हाला कायमची मुभा होती. मी फाटकातून गेले, त्यांच्या बिनचे झाकण उचलले आणि पुडके आत ठेवले. वर येऊन पुस्तिकेत लिहिले: 'यानंतर पूर्वजांना दाखवलेले अन्न सर्व जण मिळून खातात.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई घाईघाईने पोपोंना गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेली. दुपारपासून उलट्या थांबत नव्हत्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंगातले पाणी फार लवकर संपते. त्यांना सलाइन लावून ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "त्या म्हणतात, स्मशानातलं चिकन खाल्लं. तू पण खाल्लंस ना गं ते? तुला काही होतंय का?"

मी हो म्हणू शकत होते. पण हा प्रश्न आईचा नव्हता, डॉक्टरचा होता. एकच अन्न दोघींनी खाल्ले, एक आजारी पडली, एक नाही, असे मी सांगितले असते, तर ती नोंद खोटी झाली असती आणि तिच्यावर कुणीतरी पुढचा निर्णय घेतला असता. शिवाय मला आता कळले होते काय झाले ते.

"मी खाल्लं नाही. मी टाकलं. त्यांच्या बिनमध्ये."

आईने चमचा खाली ठेवला. "त्यांच्या?"

"आपली भरली होती."

"मुक्ते, एक रात्र ते बिनमध्ये होतं?"

"हो."

"आणि त्यांनी ते काढून खाल्लं." आई म्हणाली. "मला म्हणाल्या, तासभर वाफवलं होतं. मला वाटलं, आदल्या दिवशीचं उरलेलं गरम केलं असेल."

वाफेने जीवाणू मरतात; त्यांनी उष्णतेत रात्रभर तयार केलेले विष वाफेला दाद देत नाही. हे मी त्याच सत्रात शिकले होते आणि चाचणीत लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

"तू पण टाकलं असतंस का, आई?"

"टाकलं असतं," आई म्हणाली. "मलाही घरात घेववलं नसतं ते. पण मी तिथेच सांगितलं असतं, की आमच्यात चालत नाही. तू त्यांच्याकडून सगळं विचारून घेतलंस आणि आपलं एक अक्षर सांगितलं नाहीस. त्यांनी नाव नाही घेतलं तुझं. मी दोनदा विचारलं, तरी नाही." मग तिने फोन उचलला आणि वॉर्डमधल्या डॉक्टरला खरी हकिगत सांगितली, माझ्यासमोर, माझ्या नावासकट.

पोपो घरी आल्या आणि कुंपणातले फाटक आतून बंद झाले. चार वर्षांत त्याला कडी आहे हे मला माहीतही नव्हते. सकाळचा सुरा चालू झाला, आले ठेचले जाऊ लागले, आणि एके दिवशी हाडेही तोडली गेली. डबा आला नाही. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या, डाळ करपली. पुस्तिकेचा मजकूर छपाईला द्यायला दोन आठवडे राहिले होते. त्यांच्या संमतीशिवाय मी तो देणार नव्हते, हे खरे. पण खरे तर त्या दिवसांत मी पुस्तिकेचा विचारच करत नव्हते. मला ते फाटक उघडायला हवे होते. मुलाखतीत पुढे मला विचारले गेले, की तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा. मी दुसरीच सांगितली, सोयीची, जिच्यात शेवटी माझेच कौतुक होते.

पाचव्या दिवशी मी चहा केला. आमचा नव्हे, त्यांनीच कधीतरी दिलेल्या पानांचा, बिनदुधाचा. कप बशीत ठेवून समोरच्या रस्त्याने वळसा घालून मी त्यांच्या जिन्यावर गेले आणि दाराशी दोन्ही हातांनी कप धरून उभी राहिले. पोपोंनी जाळीचे दार उघडले नाही.

"हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"म्हणजे तक्त्यातलं आहे."

"हो." मला दुसरे काही येत नव्हते. "पोपो, माझं चुकलं. तुम्ही आजारी पडलात माझ्यामुळे."

"आजारी मी माझ्या हावरटपणानं पडले. वाटा एकदा दिला की तो कुणीतरी खायचा असतो. तो कचऱ्यात राहिला तर मी बाबांना काय तोंड दाखवू? म्हणून खाल्ला." त्या जाळीतून माझ्याकडे पाहत राहिल्या. "ते सोड. का टाकलास? चव आवडत नाही? घाण वाटली? आम्ही घाणेरडे वाटलो?"

"नाही!"

"मग?"

मी सांगितले. स्मशानातून आल्यावर आमच्यात आधी अंघोळ करतात. तोवर कशाला शिवत नाहीत. तिथून घरी काही आणत नाहीत, खायचे तर नाहीच. पोपोंनी दार उघडले, पण कप घेतला नाही. मला खुर्ची दाखवली आणि समोर बसल्या. आणि मग त्यांनी मला असे प्रश्न विचारायला सुरुवात केली, की मी त्यांना इतके दिवस काय छळले असेल ते मला तेव्हा कळले.

"म्हणजे तुम्ही मेलेल्यांना जेवायला घालत नाही?"

"घालतो. भाताचे गोळे करून ठेवतो."

"मग ते कोण खातं?"

"कावळा."

"कावळा." त्यांनी हे पडताळून पाहिले. "आणि कावळा आला नाही तर?"

"तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात. मग घरचे एकेक वचन देतात. मुलांना सांभाळू, भांडण मिटवू. बरोबर इच्छा सापडली की कावळा शिवतो."

"तू पाहिलंयस?"

"आजोबांच्या वेळी दीड तास लागला. शेवटी काका म्हणाले, तुमचा रेडिओ कुणाला देणार नाही. तेव्हा आला."

पोपो हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "तुझे आजोबा समजदार होते. पण कोंबडी कावळ्याला घालणं म्हणजे नासाडी. आमचे लोक वास घेतात, आम्ही खातो. कुणी उपाशी राहत नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि अंघोळीचं काय विशेष? आम्हीही धुतो. पपनसाची पानं पाण्यात घालून. त्या दिवशी बादली भरून ठेवली होती खाली. तुला हाक मारली. तू पळालीस."

मी ती बादली पाहिली होती. झाडांसाठी असावी असे ठरवून पुढे गेले होते.

"तू विचारलं नाहीस," पोपो म्हणाल्या. "बाकी सगळं विचारलंस. किती कप, किती वेळा वाकायचं. घरी आल्यावर काय, हे विचारलं नाहीस, कारण तुझं तुला माहीत होतं." त्यांनी शेवटी कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "थंड झालाय. आणि कडक. ऑक्टोबरात पुन्हा एक दिवस असतो थडग्यांचा. येशील?"

"येईन."

"खायचं तिथंच. त्यांच्यासमोर. जमेल?"

"माहीत नाही," मी म्हटले. "प्रयत्न करीन."

"फेअर एनफ," पोपो म्हणाल्या.

पुस्तिकेतून मी तक्ता काढला. त्याच्या जागी पोपोंच्या तोंडची चार पाने गेली: आजोबांची बरणी, सात वर्षांच्या मुलीला मिळालेला वाटा, पपनसाची पाने, घराचा नंबर चौदा. मंडळाच्या सचिवांना ते फार घरगुती वाटले. पर्यटकांना काय वाटले ते मी कधी विचारायला गेले नाही.

ऑक्टोबरात डार्विनची हवा उकळत असते आणि पाऊस येत नाही. आम्ही सकाळी सातलाच स्मशानात होतो. या वेळी मी आईला सांगून आले होते. तिने नुसते, "टोपी घे," एवढेच म्हटले. गवत कमी होते. मांडामांड मी केली, पोपोंनी दोनदा दुरुस्त केली. उदबत्त्या खाली आल्यावर त्यांनी कोंबडीचा पाय कापला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी मला दिला. मग दगडाकडे वळून बोलू लागल्या. या वेळी त्यांच्या बोलीत नव्हे, इंग्रजीत, म्हणजे ते मला ऐकवण्यासाठीही होते.

"बाबा, ही शेजारची मुक्ता. एप्रिलमध्ये हिनं तुमचं जेवण टाकलं. तिची कारणं होती, ती मी ऐकली, ठीक आहेत. आज ती इथे बसून खाणार आहे. बघा."

मी कठड्यावर बसले. दगड तापू लागला होता. माझ्या डाव्या पायाशी मुंग्यांची रांग होती आणि समोर चहाचे तीन कप निवत होते. पोपो मदत करत नव्हत्या; दुसरीकडे बघतही नव्हत्या. मी एक तुकडा तोडला आणि चावला. मग दुसरा.

"बोल," पोपो म्हणाल्या. "कसं लागतं? त्यांना खरं सांग."

"मीठ कमी आहे."

पोपो दगडाकडे वळल्या. "म्हणते, मीठ कमी आहे," त्यांनी वडिलांना कळवले, आणि सुरी उचलून दुसरा पायही माझ्यासाठी कापायला घेतला.